चिखलदरा, चार मोटरसायकली, पाच मित्र: निघण्याआधी काय ठरवावं?

रमतगमत | ३ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच मित्र नागपूरहून मोटरसायकलवर चिखलदऱ्याला जायचं म्हणतोय. कॉलेजात असताना एका खोलीत राहिलेले आम्ही, आता सगळ्यांनी चाळिशी ओलांडली आहे. दोन बुलेट, एक हिमालयन आणि एक जुनी स्प्लेंडर अशा चार गाड्या आहेत. पाचवा मित्र मागे बसेल. त्याच्या कंबरेचं दुखणं जुनं आहे, पण "कार काढू नका, मी तुमच्याबरोबर दुचाकीवरच येणार" असं त्याने ठणकावून सांगितलंय.

वाद वेगावरून पडलाय. माझं म्हणणं असं, की सगळ्यांनी स्प्लेंडरच्या चालीने जावं. एकत्र निघावं, एकत्र चहाला थांबावं, एकत्र वर पोचावं. दोघांचं मत उलट आहे: ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं आणि परतवाड्याला भेटावं.

दुसरं, वर गेल्यावर पॉइंट मोजत हिंडायला माझा ठाम विरोध आहे. चिखलदरा मला आवडतं ते तिथे फारसं काही 'करायचं' नसतं म्हणून. १,१०० मीटरच्या वर उंची, समोर मेळघाटचं जंगल, कॉफीची झाडं, ढग खाली उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा ठिकाणी जाऊन सात पॉइंट आणि सत्तर फोटो करून परतायचं असेल तर घरीच बसलेलं बरं.

तर प्रश्न असे: वेगाचं काय करावं? कोणत्या रस्त्याने चढावं? शनिवारी पहाटे निघून रविवारी परत, एवढं पुरतं का? जाऊन आलेल्यांनी मनमोकळं लिहा.

टॅपेट | ३ सप्टेंबर

स्प्लेंडर सगळ्यात पुढे ठेवा. तिच्यापुढे कुणी जायचं नाही. वाद संपला. :)

परतवाडेकर | ३ सप्टेंबर

या भाऊ, या. पन शनवार-आइतवार काऊन येता? मी खालीच रायतो, रोज पायतो. पावसाळ्यात आइतवारी सकाळपासून धामणगाव गढीच्या पुढं गाड्याईची रांग लागते. पोट्टे सायलेन्सर फटफटवत येतात, धबधब्याजवळ गाणे लावतात, बाटल्या तिथीच टाकतात. तुमाले शांतता पायजे ना? मंग आइतवारी दुपारून चढा. लोकं उतरून रायले असतात, तुमी चढता. सोमवारी सकाळी अख्खा पठार तुमचा.

रस्त्याचं सांगतो. दोन रस्ते हायेत. एक परतवाडा-धामणगाव गढी-सलोना-मोथा-चिखलदरा. दुसरा परतवाडा-बिहाली-घटांग, तिथून वर. जातानी मोथ्याकडून जाजा, येतानी घटांगकडून उतरजा. दोन्हीकडचं जंगल पाहून होते अन त्याच रस्त्यानं परत याचं काम नाही.

पेट्रोल परतवाड्यातच टाकी फुल करजा. वर गेल्यावर पाहू म्हनू नोका. हवा बी इथीच पाहून घेजा. मांगं बसणारा असन तर मांगच्या चाकात थोडी जास्त.

नीलमोहर | ३ सप्टेंबर

परतवाडेकरांशी पूर्ण सहमत. आम्ही अमरावतीच्या मैत्रिणी दरवर्षी जातो आणि शनिवार-रविवार कटाक्षाने टाळतो. एक रजा काढली की सहलीचं रूपच बदलतं.

मागे बसणाऱ्या मित्राबद्दल थोडं. नागपूर ते अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, पुढे परतवाडा पन्नास, मग तीसेक किलोमीटर घाट. कंबर दुखणाऱ्याला सलग दोन तास बसवू नका. प्रत्येक तासाला थांबा, त्यालाही उतरवून चालायला लावा. बुलेटच्या मागच्या सीटवर बसणार असेल तर पाठीला टेकायला सामान बांधून घ्या, पण ते इतकं मागे नको की मागचं चाक जड आणि हँडल हलकं होईल. हेल्मेट त्यालाही हवं, आणि ते त्याच्या मापाचं हवं. मागे बसणाऱ्याला घरातलं कुणाचंही पडलेलं हेल्मेट देतात, ते वळणावर डोळ्यांवर येतं.

आणि कृपा करून सामान पाठीवरच्या बॅगेत भरू नका. खांदे भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस चिडचिडा होतो.

चक्रधर | ४ सप्टेंबर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे स्प्लेंडरच्या बाजूने झालेत.

धागाकर्ते, तुमच्या त्या दोन मित्रांना समजून घ्या. चौपदरी हायवेवर पन्नास-पंचावन्नने तासन् तास जाणं हा आनंद नव्हे. वेग कमी-जास्त करायला काही कारणच नसलं की डोळे जड होतात, लक्ष उडतं. प्रत्येकाचा स्वतःचा असा एक वेग असतो, त्यात तो सगळ्यात सावध असतो. पुढच्याच्या मागे फरफटत जाणारा माणूस रस्ता बघत नाही, पुढच्याचा मागचा दिवा बघतो. आणि उलटही खरं आहे: स्प्लेंडरवाल्याला सतत वाटत राहतं की आपल्यामुळे बाकीचे खोळंबलेत, मग तो जमत नसताना गाडी ताणतो. अपघात तिथे होतात.

मैत्री म्हणजे एकमेकांच्या नजरेत राहणं असं मला वाटत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भेटणं हीसुद्धा मैत्रीच आहे.

घाटवळण | ४ सप्टेंबर

चक्रधर यांचा मुद्दा हायवेपुरता मान्य. घाटात अजिबात मान्य नाही. सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

हायवेवर दोन-दोनच्या जोड्या करा. बुलेट आणि हिमालयन पुढे जाऊ द्या, दुसरी बुलेट स्प्लेंडरबरोबर राहू द्या. एकट्याने मागे राहणं हे खरं वाईट, हळू जाणं वाईट नाही. थांबे आधीच ठरवा: कोंढाळी, तळेगाव, मग मोझरी. मोझरीला गुरुकुंज आश्रम रस्त्यालाच आहे, तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी दहा मिनिटं टेकता येतं.

परतवाड्यानंतर मात्र सगळे एकत्र. घाटात एकच नियम पाळा: प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. आरशात मागच्याचा दिवा दिसला नाही की वेग कमी करायचा. फाटा आला की तो नजरेत येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. हे प्रत्येकाने केलं की साखळी तुटत नाही, आणि पुढच्याला सगळ्यांची काळजी करावी लागत नाही. शेवटी अनुभवी माणूस ठेवा, ज्याच्याकडे पंक्चरचं सामान आणि अवजारं असतील. अवजारं पुढच्याकडे असून उपयोग नाही. बंद पडलेली गाडी नेहमी मागे राहते.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, न्यूट्रलवर उतरणारे लोक मी अजूनही बघतो. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ते सोडलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर पकड सोडतात. स्प्लेंडरला ड्रम ब्रेक असतील तर हे जास्तच जपायला हवं. क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक जादा वायर बरोबर घ्या. एवढ्याशा वस्तूसाठी जंगलात अडकणं बरं नव्हे.

अरुंद जागी खाली उतरणाऱ्याने वर चढणाऱ्याला वाट द्यायची असते. हा नुसता शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियमच आहे. चढावर थांबलेली एसटी पुन्हा उचलायला ड्रायव्हरला किती त्रास होतो ते बघा कधी.

धुकं आलं तर दिवा खालच्या बीमवर ठेवा. वरचा लावला तर प्रकाश धुक्यावरून उलटतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय ते कळत नाही. फारच दाट असेल तर रस्ता सोडून पूर्ण बाजूला उभे राहा. चिखलदऱ्याचं धुकं अर्ध्या तासात विरतंही.

टॅपेट | ४ सप्टेंबर

घाटवळण, हा प्रतिसाद छापून पाचही जणांच्या खिशात ठेवायला हवा. माझा सल्ला मागे घेतो.

सिंहगडरोड | ४ सप्टेंबर

पुण्याहून यायचं झालं तर? समृद्धी महामार्गाने अमरावती जिल्ह्यापर्यंत पटकन पोचता येईल ना?

घाटवळण | ४ सप्टेंबर

समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. प्रवेशाच्या नाक्यावरूनच परत पाठवतात.

नीलमोहर | ४ सप्टेंबर

@सिंहगडरोड, गाडी रेल्वेने पार्सल करा आणि बडनेऱ्याला उतरवा. टाकी रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते, आणि आरसे-इंडिकेटर नीट गुंडाळून द्या. दोन दिवसांच्या सहलीसाठी हा खटाटोप जास्त होईल, चार-पाच दिवस असतील तर जरूर या.

रानपिंगळा | ५ सप्टेंबर

मी मेळघाटातल्या एका गावी शिक्षक आहे. हा धागा वाचून बरं वाटलं, कारण इथे शांततेबद्दल कुणीतरी बोलतंय.

थोडं जंगलाच्या बाजूनेही विचार करा. मेळघाटला व्याघ्रप्रकल्प म्हणून १९७४ पासून संरक्षण आहे. ज्या रस्त्यावरून तुम्ही येता त्याच्या दोन्ही अंगांना अस्वल, गवे, बिबट्या, वाघ राहतात. आवाज वाढवलेला सायलेन्सर बेकायदा तर आहेच, पण त्या पलीकडेही त्याचा एक परिणाम असतो, जो मला रोज दिसतो. रविवारी सकाळी अशा गाड्यांचा ताफा गेला की रस्त्यालगतचं रान पुढचा बराच वेळ गप्प होतं. पक्षी बोलत नाहीत. आमच्या शाळेतली कोरकू मुलं आवाजावरून पाखरू ओळखतात. रविवारी त्यांना ओळखायला काही मिळत नाही.

माझं नाव ज्याच्यावरून घेतलंय तो रानपिंगळा याच पट्ट्यात आहे. १८८४ नंतर तो कुणाला सापडला नव्हता, संपला असंच मानत होते. १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्यात तो पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. हा पिंगळा दिवसा हिंडतो, उंच फांदीच्या टोकावर ऐटीत बसतो. म्हणजे इंजिन बंद करून सागाच्या रानाशी पंधरा मिनिटं उभं राहिलात तर तो ऐकू यायची शक्यता आहे. या दिवसांत सागाला पांढरट तुरे असतात, तेही बघा. लोक धबधबे बघतात आणि सागाचा फुलोरा डोक्यावर असून बघत नाहीत.

विनंती एवढीच: माकडांना खायला देऊ नका, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, आणि घटांग-सेमाडोहच्या बाजूला जायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर वेळ विचारून मगच पुढे जा. अस्वल रात्री दुचाकीच्या उजेडात अचानक समोर आलं तर त्यालाही सुचत नाही आणि तुम्हालाही.

चक्रधर | ५ सप्टेंबर

रानपिंगळा, तुमचा प्रतिसाद फार आवडला. वेगाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण माझ्या गाडीला मी कंपनीचाच सायलेन्सर ठेवलाय आणि तोच राहील. :)

खमंग | ५ सप्टेंबर

एवढे प्रतिसाद झाले आणि खाण्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही! निघण्याआधी नागपुरात तर्री पोहे. अमरावतीत गिला वडा चुकवू नका. मोथ्याला गवळ्यांची वस्ती आहे, म्हशीचं दूध भरपूर, तिथे आणि घटांगला खवा-रबडी मिळते. घाट चढून थंडीत कुडकुडत असताना गरम रबडीची वाटी हातात येते ना, तेव्हा सहल सुरू झाली असं समजावं.

परतवाडेकर | ५ सप्टेंबर

खमंग भाऊ, तुमी खरं जानकार दिसता. पन जानेवारीत या मंग. बहिरमची जत्रा असते तवा, परतवाड्याहून जवळच. मातीच्या हंडीतलं मटन अन रोडगे. ज्यानं खाल्लं थो विसरत नाही. आता सप्टेंबरात काय, वरन-भात खाजा अन झोपजा.

खमंग | ५ सप्टेंबर

रोडगे म्हटलं की वांग्याची भाजी आठवते. गोवरीच्या आरावर भाजलेला रोडगा फोडून त्यात तूप... थांबतो. धागा भरकटेल.

संत्रानगरी | ५ सप्टेंबर

रस्त्याबद्दल वेगळं सुचवतो. अमरावतीमार्गे जाऊच नका. नागपूर-काटोल-वरूड-मोर्शी-चांदूर बाजार-परतवाडा असं जा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये सातपुड्याची रांग उजव्या हाताला दिसत राहते. ट्रक कमी. आणि इथे चौपदरी हायवे नसल्यामुळे स्प्लेंडर आणि बुलेट यांच्या वेगात आपोआपच फार फरक पडत नाही. धागाकर्त्यांचा अर्धा प्रश्न रस्ताच सोडवतो.

घाटवळण | ५ सप्टेंबर

चांगली सूचना आहे, एवढंच की गावागावांतून जाताना वेळ जास्त लागतो, गतिरोधक पुष्कळ आणि गुरं रस्त्यावर. कंबर दुखणाऱ्या मित्राला गतिरोधक महागात पडतील. मी म्हणेन जाताना अमरावती, परतताना मोर्शी-वरूड. परतीला माणूस मोकळा झालेला असतो, त्याला बागा बघायला आवडतात.

मनामा | ६ सप्टेंबर

मी बहरीनला असतो, मूळचा अचलपूरचा. सकाळी कामाला जाताना हा धागा वाचतोय आणि घाटातल्या ओल्या मातीचा वास येतोय. लहानपणी आमच्या गावाला शकुंतला यायची, मूर्तिजापूरहून निघणारी ती छोट्या रुळांची गाडी. वडील सुट्टीत आम्हाला राजदूतवर पुढे-मागे बसवून वर न्यायचे. मी टाकीवर बसायचो. आजच्या नियमाने ते बरोबर नव्हतं, पण ढगात शिरताना आधी माझ्या तोंडाला गार लागायचं, हे मी कधी विसरलो नाही.

फोटो टाका. निदान मोथ्याच्या वळणाचा तरी.

दप्तर | ६ सप्टेंबर

धागाकर्ते पॉइंट नको म्हणतात, ठीक. पण गाविलगड हा पॉइंट नाही, तो बघायलाच हवा. थोडा इतिहास लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ मध्ये किल्ला बांधला. पुढे इमादशाही आली आणि वऱ्हाडची राजधानी अचलपूर, म्हणजे तेव्हाचं एलिचपूर, हिचा हा पाठीराखा झाला. १८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात अडगावची लढाई हरल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज इथे आसऱ्याला आली. आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडून तोंड दाखवलं आणि स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढत तोफा ओढून उत्तरेच्या बाजूला नेल्या. दक्षिणेला कडा आहे, उत्तरेला किल्ला पठाराला लागतो, म्हणून तीच बाजू कच्ची. १५ डिसेंबरला बाहेरची भिंत फुटली. आतला कोट शिडी लावून चढले आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. हाच वेलस्ली पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला.

हे माहीत असेल तर उत्तरेच्या तटावर उभं राहून पठाराकडे बघताना अंगावर काटा येतो. तोफा अजून पडून आहेत. शार्दूल दरवाज्यावरचं शिल्प निवांत बघा. पावसात दगड निसरडे असतात आणि गवत कमरेएवढं, म्हणून बूट चांगले घाला आणि गटाने फिरा. मोटरसायकलचे बूट किल्ल्यावर जड होतात, पण चपलेपेक्षा बरे.

रमतगमत | ६ सप्टेंबर

दप्तर, गाविलगड यादीत घेतला. मोठ्या मनाने सांगतो, तो पॉइंट नाही. :)

अंबाघाट | ६ सप्टेंबर

एवढं सगळं वाचून आमच्या आंबोलीला या असं म्हणावंसं वाटलं, पण पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यापाशी जे चालतं ते परतवाडेकरांनी लिहिल्यासारखंच आहे. तेव्हा आमच्याकडेही सोमवारी-मंगळवारी या. शांत हिल स्टेशन ही जागा कमी आणि वार जास्त असतो, असं माझं मत झालंय.

गृहिणी७० | ७ सप्टेंबर

मी मोटरसायकल चालवत नाही, माझा मुलगा चालवतो. तो निघाला की घरी दोन दिवस आम्ही फोनकडे बघत बसतो. वर नेटवर्क नसतं हे त्याने आधी सांगितलं असतं तर मी अर्धी रात्र जागले नसते. तुम्ही सगळे आपापल्या घरी आधी सांगून ठेवा की अमुक वाजल्यानंतर फोन लागणार नाही, काळजी करू नका. एवढंच सांगायचं होतं.

नीलमोहर | ७ सप्टेंबर

काकू, हा सगळ्यात कामाचा सल्ला. आम्ही परतवाड्याला पेट्रोल भरतानाच सगळ्यांच्या घरी फोन करतो.

रमतगमत | ८ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाचही जण फोनवर बसून धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं: रविवारी निघायचं, मंगळवारी परत. हायवेवर घाटवळण म्हणतात तशा जोड्या. परतवाड्यापासून एकत्र, स्प्लेंडर दुसऱ्या नंबरावर. चढायला मोथा, उतरायला घटांग. वर गेल्यावर गाविलगड सोडून काहीही ठरवायचं नाही. चक्रधर, तुमचा प्रतिसाद वाचून आमचा बुलेटवाला इतका खूश झाला की त्याने तो पुन्हा वाचायला लावला.

रमतगमत | २६ सप्टेंबर

जाऊन आलो. बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून लिहितो.

रविवारी दुपारी परतवाड्यात पोचलो तेव्हा खाली उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. परतवाडेकरांचं म्हणणं अक्षरशः खरं. आम्ही चहा घेत तासभर थांबलो, घरी फोन केले (काकू, धन्यवाद) आणि रस्ता मोकळा झाल्यावर निघालो. सलोन्याच्या पुढे ढगात शिरलो. सगळ्यांचे दिवे खाली, वेग पंचवीस-तीस, पुढच्या गाडीचा लाल ठिपका आणि मागच्याचा पिवळा, बाकी काही नाही. तिथे मला पटलं की घाटात एकत्र राहणं वेगासाठी नसतंच. आमच्यातला सगळ्यात जोरात चालवणारा त्या धुक्यात सगळ्यात शांत होता आणि मोथ्याला उतरल्यावर म्हणाला, "मागे कुणी आहे हे दिसत होतं म्हणून पुढे जाववलं."

त्याचंही एक ऐकलं. सोमवारी सकाळी त्याला एकट्याने फिरून यायचं होतं. आधी मी नाराज झालो, मग म्हटलं जाऊ दे. तो वैराटच्या बाजूला जाऊन दोन तासांनी परत आला आणि नाश्त्याला बसल्यावर तिथल्या उजेडाबद्दल इतकं बोलला की बाकीचे संध्याकाळी त्याच्यामागे तिकडे गेले. तेव्हा चक्रधर यांचं म्हणणं मी आता निम्मं मान्य करतो: सोबत आलेल्या माणसाला एकटं राहायलाही जागा हवी. ती वर पोचल्यावर द्यावी, घाटात नाही.

गाविलगडावर अख्खी सोमवारची दुपार गेली. उत्तरेच्या तटावर बसून दप्तर यांचा प्रतिसाद वाचला. आधीच फोनमध्ये साठवून घेतला होता, नेटवर्क नव्हतंच. गवतात तोफ सापडली तेव्हा कंबरदुखीवाला मित्र तिच्याशेजारी बसला आणि अर्धा तास उठला नाही. त्याची कंबर, विचारणाऱ्यांसाठी: दर तासाला उतरवल्यामुळे जाताना ठीक होती, परतीला वरूडकडच्या गतिरोधकांनी थोडी बोलली. घाटवळण यांनी बजावलं होतं, पण बागांसाठी तोच आग्रहाने त्या रस्त्याने आला.

रानपिंगळा, घटांगच्या उतारावर एका जागी इंजिनं बंद करून उभे राहिलो. पिंगळा होता की नाही सांगता येणार नाही, आम्हाला तेवढं कळत नाही. पण सागाचे तुरे बघितले, आणि पाच जण पंधरा मिनिटं एक शब्द न बोलता उभे होते. खोलीत राहायचो तेव्हाही असं कधी झालं नव्हतं.

मनामा, मोथ्याच्या वळणाचे तीन फोटो खाली लावलेत. धुकं आहे, पण वळण ओळखता येईल.

मनामा | २६ सप्टेंबर

ओळखलं. डावीकडचा तो मैलाचा दगड आधी पिवळा-पांढरा होता. आईला फोन करून दाखवले. ती म्हणाली, वडिलांनी तिथे गाडी उभी करून स्वेटर घालायला लावले होते.

चक्रधर | २६ सप्टेंबर

निम्मं मान्य केलंत, निम्मं पुढच्या सहलीत.

सिंहगडरोड | २७ सप्टेंबर

आम्ही डिसेंबरात गाड्या पार्सल करून चार दिवस यायचं पक्कं केलंय. थंडी किती असते? आणि परतवाड्याहून मुक्तागिरी त्याच फेरीत होईल का?

परतवाडेकर | २७ सप्टेंबर

थंडी लय असते, रात्री तर हात सुन्न होतात. हातमोजे चांगले आना, पातळवाले नोका आनू. मुक्तागिरी परतवाड्यापासून पंधराएक किलोमीटर, हद्द मध्यप्रदेशची. बावन्न मंदिरं हायेत, पायऱ्या चढा लागते. उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाजा, घाट अन पायऱ्या एकाच दिवशी करू नोका. अन डिसेंबराच्या शेवटी येत असान तर बहिरम सुरू झालं का थे मले आधी विचारजा, हंडी सांगून ठेवतो.